मणक्याला मार लागल्यानंतरचा संसार

ताईंनो, कुणी धाब्यावरून पडतं, कुणी विहिरीत, कुणाची मोटरसायकल घसरते. मणक्यांच्या आत मज्जातंतूंची जी जाड दोरी असते ती दुखावली, की तिच्या खालच्या अंगाचा मेंदूशी संबंध तुटतो. पाय हलत नाहीत, स्पर्श कळत नाही, लघवी-संडासवर ताबा राहत नाही. मग आपल्या बायांमध्ये पहिला प्रश्न निघतो, "आते तिनं कसं व्हई?"

नवरा पडला तर बायकोनं जन्मभर सेवा करायची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. बायको पडली तर तिची पिशवी माहेरी. मला वाटतं, संसार आणि सेवा ही एकच गोष्ट धरली जाते, तिथंच दोघांचं बिनसतं. नळी घालणं, कूस बदलणं हे काम आहे, आणि काम वाटून घेता येतं.

बरंचसं तर स्वतः करता येतं. हातात ताकद असेल तर दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालून लघवी काढायला नर्सताई शिकवतात. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, नाहीतर जखम होते आणि ती कळतही नाही. पाठ रोज आरशात बघायची. गरम पातेलं मांडीवर ठेवायचं नाही, भाजलेलं समजत नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला मात्र माणूस लागतं. तिथं सासू, दीर, मोठा मुलगा यांनी पाळी लावावी. एकट्या बायकोनं किंवा एकट्या नवऱ्यानं रोज जागायचं नाही.

आता जे बैठकीत कुणी विचारत नाही ते. बाईची पाळी बहुधा काही महिन्यांत परत येते आणि तिला आई होता येतं. फक्त कळा जाणवत नाहीत, म्हणून दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात ठरवून ठेवावं. पुरुषाला मूल होण्यात अडचण येऊ शकते, त्यावरही डॉक्टरांशी बोलता येतं. जवळीक संपते असं नाही, तिची तऱ्हा बदलते. दोघांनी बोलावं, लाजू नये.

दीपा मलिक यांचं नाव ऐकलं असेल. मणक्यातल्या गाठीच्या ऑपरेशननंतर १९९९ मध्ये त्यांचं छातीखालचं अंग लुळं पडलं. नवरा लष्करात, कारगिलचं युद्ध चालू, घरात दोन लहान मुली. पुढे त्यांनी आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरला खानावळ चालवली आणि २०१६ ला रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक आणलं. फौजेच्या घरासारखी सोय आपल्याकडे नाही, हे खरंच. पण लग्न टिकलं आणि कमाईही त्यांची स्वतःची राहिली.

माहेरी पाठवायची भाषा कुणी केली तर सांगा, पाठीच्या कण्याची इजा हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे.

गटाचं कर्ज घ्यायचं तर आधी उतारासाठी. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार हवा, तरच खुर्ची एकटीनं ढकलता येते. किराणा, शिलाई त्यानंतर. आणि अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर युडीआयडी कार्ड काढाच. कागद नसतील तर आधार आणि दवाखान्याची फाईल घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीला या, अर्ज तिथंच भरू.