हार्टफिल्डची कात्री आणि आमच्या नाक्यावरचा फलक

मुंबई-गोवा महामार्गावर, कोलाडच्या अलीकडे आमचे खांब लागते. गेल्या चौदा एप्रिलला नाक्यावर एक भला मोठा फलक उभा राहिला. बाबासाहेब उभे आहेत आणि शेजारी, त्यांच्याच उंचीचा, निवडणुकीच्या तयारीला लागलेला एक इसम. दोघांच्या अंगावर उजेड एकाच बाजूने पडावा याची संगणकावर चोख काळजी घेतलेली. वस्तीतली पोरे खूश होती. ‘सर, बघा कसा जोडलाय, कळतसुद्धा नाही!’ मला बोचले ते नेमके हेच. जोड कळत नव्हता.

त्याच सुमारास काट्रिन रोथे या जर्मन दिग्दर्शिकेचा ‘जॉनी अँड मी’ हा २०२३ सालचा चित्रपट मी पाहिला. तो माहितीपट आहे आणि अॅनिमेशनपटही. आजच्या काळातली, कामाने विटलेली एक ग्राफिक डिझायनर जॉन हार्टफिल्डच्या चित्रांपाशी येते आणि कागदाचा कातरलेला छोटा जॉनी तिच्याशी बोलू लागतो. माहितीपटात कागदी बाहुली कशी चालेल, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की ती अधिक प्रामाणिक आहे. ज्या क्षणाचे चित्रण कुणी केलेच नाही, तो नटांकडून हुबेहूब करवून घेतला तर प्रेक्षक त्यालाच पुरावा समजतो. कागदाची बाहुली मात्र उघड सांगते की हे मी रचलेले आहे, घडलेली गोष्ट समजावी म्हणून. याच रस्त्याने पुढे महाड आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्या प्रसंगाची आमच्या घराघरांत लावलेली चित्रे चित्रकारांनी नंतर काढलेली आहेत. म्हणून तो प्रसंग खोटा ठरत नाही. पण चित्र आणि छायाचित्र यांतला भेद आपल्या मुलांना कळलाच पाहिजे.

हार्टफिल्डचे मूळ नाव हेल्मुट हर्त्सफेल्ड. जन्म बर्लिनचा, १८९१ चा. आठ वर्षांचा असताना आईबाप मुलांना टाकून नाहीसे झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजांविरुद्ध द्वेषाचे रान पेटले, तेव्हा १९१६ मध्ये या माणसाने मुद्दाम इंग्रजी नाव घेतले. नाव बदलणे हेही बंड असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तो स्वतःला चित्रकार न म्हणवता ‘मोंटर’ म्हणवी. म्हणजे आपला फिटर. माझे वडील धाटावच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यामुळे हा शब्द मला परका वाटला नाही. सुटे भाग आणायचे, बसवायचे. यंत्र चालले पाहिजे. फोटोमोंटाज तो हाच. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे कापायची आणि अशी जोडायची की छापणाऱ्याने लपवलेला संबंध उघडा पडावा.

१९३० ते १९३८ या काळात कामगारांच्या ‘ए.आय.झेड.’ या सचित्र साप्ताहिकासाठी त्याने दोनशेहून अधिक मोंटाज केले. ऑक्टोबर १९३२ चे एक पाहा. हिटलर म्हणत असे, लाखो माझ्या पाठीशी आहेत. चित्रात तो सलामीसाठी हात मागे वळवून उभा आहे आणि पाठीशी एक अवाढव्य कोटवाला त्या तळव्यावर नोटा ठेवतो आहे. कोटवाल्याचा चेहरा चौकटीबाहेर. लाखो कोण, तर लाखो मार्क! दुसरे डिसेंबर १९३५ चे. गोरिंगने हॅम्बुर्गच्या भाषणात सांगितले होते की लोखंडाने राष्ट्र बलवान होते, लोणी-चरबीने फार तर माणसे लठ्ठ होतात. हार्टफिल्डने जेवायला बसलेले कुटुंब दाखवले: कुणी सायकलचे हँडल चावते आहे, तान्हे मूल कुऱ्हाड चघळते आहे. आणि खाली गोरिंगचे वाक्य, कुठल्या भाषणातले तेही देऊन. हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिवी देणे सोपे असते. सत्ताधाऱ्याचेच वाक्य घेऊन, आधार देऊन, ते त्याच्याच ताटात वाढणे याला अभ्यास लागतो.

याची किंमत त्याने मोजली. एप्रिल १९३३ मध्ये नाझी घरात घुसले तेव्हा सज्जातून उडी टाकून तो निसटला आणि डोंगर ओलांडून पायी चेकोस्लोव्हाकियात गेला. १९३८ मध्ये इंग्लंडला पळावे लागले. १९५० मध्ये पूर्व जर्मनीत परतला, तर ज्या विचारासाठी आयुष्य वेचले त्याच विचाराच्या राज्याने त्याच्याकडे संशयाने पाहिले. कला अकादमीत घेतले ते १९५६ मध्ये. त्याची चूकही सांगितली पाहिजे. हिटलर दाराशी आलेला असताना, १९३१ मध्ये, त्याने सोशल डेमोक्रॅट पक्षाला वाघाचे तोंड लावलेला मोंटाज केला. त्याच्या कम्युनिस्ट पक्षाचे तेच धोरण होते. डावे एकमेकांचे दात मोजत बसले. गटागटांत फुटलेल्या आपल्या चळवळीतल्या वाचकाने हे पान घाईने उलटू नये.

हार्टफिल्डची ही दोन चित्रे मी फोनवर पोरांना दाखवली. नोटांचे चित्र पाहून बारावीतला एकजण बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, आपल्या फलकाचे पैसे कुणी दिले?’ कुणालाच सांगता येईना. वर्गणी तर आम्ही काढली नव्हती. ‘मग बाबासाहेब त्याच्या पाठीशी आहेत, की तो बाबासाहेबांच्या पाठीशी लपलाय?’ हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. एक मोठा मुलगा चिडला. त्या माणसाने विहाराला पत्रे देण्याचे कबूल केले होते आणि सरांच्या बोलण्याने ते जातील, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नव्हते. विहार खरोखरच गळतो. माझ्याकडे त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते, आजही नाही.

पत्रे काही आले नाहीत. पावसाच्या तोंडावर पोरांनी फलक उतरवला. बाबासाहेबांचे चित्र कडेकडेने नीट कापून विहारात ठेवले. उरलेले कापड पेंढ्यावर घातले आहे.