फोल्डरचं दार का उघडत नाही?

ठाण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं, की भिवंडी मागे टाकल्यावर वडपे येतं. आजूबाजूला लांबच लांब गोदामं, पत्र्याची उंच छपरं आणि दारात उभे असलेले ट्रक. जवळच्या आमणे गावापासून समृद्धी महामार्ग नागपूरला जातो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पुरा झाला. म्हणजे बघा, मालाची ये-जा केवढी!

दोस्तांनो, एवढ्या मोठ्या गोदामाचा कारभार चालतो तो मात्र कोपऱ्यातल्या एका छोट्याशा ऑफिसातून. समजा, अशा एका ऑफिसात तीन कॉम्प्युटर आहेत. एक हिशेब लिहिणाऱ्या काकांचा, दुसरा माल मोजून घेणाऱ्या ताईंचा आणि तिसरा गेटवरच्या दादाचा. काकांच्या कॉम्प्युटरवर ‘चलन’ नावाचा एक फोल्डर आहे. ताई त्यात मालाची यादी ठेवतात, दादा ती उघडून चलन छापतो आणि ट्रक सुटतो. तिघांत मिळून एकच कपाट, म्हणा ना! यालाच ‘शेअर्ड फोल्डर’ म्हणतात.

एके सकाळी दादा फोल्डर उघडायला जातो, तर पडद्यावर पाटी येते : ‘नेटवर्क पाथ सापडला नाही.’ झालं! चलन नाही तर ट्रक नाही. माथाडी कामगार बसून, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मागे आणखी चार गाड्यांची रांग. अशा वेळी जो तो काहीतरी सुचवतो. कुणी म्हणतं सगळं बंद करून चालू करा, कुणी म्हणतं विंडोज नव्याने टाका. पण बिघाड शोधायचा तो डॉक्टरांसारखा. आधी विचारपूस, मग तपासणी आणि शेवटी औषध.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न : फोल्डर कुणाकुणाला उघडत नाही? ताई आणि दादा दोघांनाही उघडत नसेल, तर आधी काकांच्या कॉम्प्युटरकडे बघायचं. तो बंद असेल किंवा चक्क झोपला असेल! बराच वेळ हात लावला नाही की पुष्कळ कॉम्प्युटर आपोआप ‘स्लीप’मध्ये जातात. मालकच झोपला तर कपाट कोण उघडणार? पण ताईंना उघडतंय आणि एकट्या दादालाच नाही, तर दोष बहुधा दादाच्या बाजूला आहे.

दुसरा प्रश्न : कालपर्यंत चालत होतं ना? मग कालपासून आजपर्यंत काय बदललं? नवा राउटर आला? कुणी पासवर्ड बदलला? रात्री विंडोजचं अपडेट झालं? अर्धा बिघाड इथेच सापडतो.

रस्ता आहे का?

आता तपासणी. समजा, तुम्हाला मावशीच्या घरी जायचंय. आधी रस्ता हवा, मग पत्ता, मग दार, मग मावशीने ओळखायला हवं आणि मगच लाडवाचा डबा! फोल्डरचंही अगदी तसंच आहे.

रस्ता म्हणजे केबल किंवा वाय-फाय. केबल खोचलेली जागा पाहा. तिथला छोटा दिवा लागलेला नसेल, तर रस्ताच तुटलाय. गोदामात केबलला शत्रू फार. उंदीर कुरतडतात, हातगाडीचं चाक वरून जातं. शिवाय तांब्याची नेटवर्क केबल एका सलग तुकड्यात १०० मीटरपर्यंतच टाकायची असते. गोदाम लांबलचक असलं आणि केबल त्याहून मोठी झाली, की संदेश वाटेत अडखळतात. मग मध्ये ‘स्विच’ नावाचा डबा बसवावा लागतो.

वाय-फायची गंमत निराळी. काही राउटर पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय देतात. त्यावर इंटरनेट छान चालतं, पण शेजारचा कॉम्प्युटर दिसत नाही. ‘नेट तर चालू आहे!’ एवढ्यावर विसंबायचं नाही, ते यासाठी.

पत्ता बरोबर आहे का?

नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडी पत्ता असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. हा पत्ता बहुधा राउटर वाटतो आणि राउटर बंद पडून चालू झाला, की कधी कधी तो बदलतोही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावं की राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक ठरवून घेतलाय.

दादाने फोल्डर नावाने उघडून पाहावा, मग आकडी पत्त्याने. आकड्याने उघडला आणि नावाने नाही, तर रस्ता शाबूत आहे. नावावरून पत्ता शोधण्यातच घोटाळा आहे. ‘पिंग’ ही आज्ञा देऊन दुसऱ्या कॉम्प्युटरला हाकही मारता येते. ‘ओ’ आली तर उत्तम. पण आली नाही म्हणून तो मेला असं नव्हे! कॉम्प्युटरचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, कधी कधी हाकही अडवतो.

दार उघडं आहे का?

विंडोज प्रत्येक नेटवर्कला दोनपैकी एक शिक्का मारतं. ‘पब्लिक’ म्हणजे एसटी स्टँडसारखी परकी जागा, ‘प्रायव्हेट’ म्हणजे घर किंवा ऑफिस. एसटी स्टँडवर आपण पिशवी उघडी टाकत नाही ना? तसंच ‘पब्लिक’ शिक्का असेल, तर विंडोज फोल्डरचं दार लावून घेतं. नवा राउटर जोडल्यावर काकांच्या कॉम्प्युटरवर नेमका हाच शिक्का पडला असेल. तो ‘प्रायव्हेट’ केला आणि फाइल शेअरिंग सुरू केलं, की काम झालं.

ओळख आणि परवानगी

आता पाटी बदलते : ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’, म्हणजे प्रवेश नाही. वाईट वाटून घेऊ नका, ही तर चांगली खबर! रस्ता, पत्ता, दार हे सगळं ठीक आहे. अडलंय फक्त ओळखीपाशी. इथे काकांच्या कॉम्प्युटरवरचं नाव आणि पासवर्ड लागतो. रोजचा चार आकडी पिन चालत नाही, कारण तो त्या एकाच यंत्रापुरता असतो. काकांनी पासवर्ड बदलला असेल, तर दादाच्या कॉम्प्युटरने जपून ठेवलेला जुना पासवर्ड काढून नवा द्यायचा.

शिवाय कुलपं दोन असतात. एक शेअरिंगचं, दुसरं खुद्द फोल्डरचं. दोन्ही उघडली तरच आत जाता येतं. एकात ‘फक्त वाचा’ असेल, तर दुसऱ्यात कितीही मोकळीक द्या, लिहिता येणार नाही.

सगळी दारं उघडी टाकू का?

इथेच मोह होतो. फायरवॉल बंद, पासवर्ड रद्द, सगळ्यांना सगळी मुभा! फोल्डर उघडतो, ट्रक सुटतो. पण थांबा, एक खरी गोष्ट ऐका.

फोल्डर वाटून घेण्याची ही भाषा १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. तिचं नाव एसएमबी. पुढे ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने त्याच भाषेत बोलणारा आपला प्रोग्राम लिहिला. नाव हवं म्हणून त्याने शब्दसंग्रहात एस, एम, बी ही अक्षरं ओळीने येणारे शब्द शोधले आणि सापडला ‘सांबा’!

या भाषेच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतलं एक भगदाड मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये बुजवलं. पण अनेकांनी ते अपडेट घेतलंच नाही. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. शिरायला त्याने ते भगदाड वापरलं आणि चोरलेले पासवर्डही. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर कोलमडले आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या जेएनपीटी बंदरात त्यांच्या गटाच्या टर्मिनलचं काम विस्कटलं. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कची मुख्य यादी सगळीकडे पुसली गेली होती. ती वाचली आफ्रिकेतल्या घाना देशात, कारण तिथे त्या वेळी नेमकी वीज गेली होती!

म्हणून आता नव्या विंडोजमध्ये ती पहिली आवृत्ती मुळात बंदच असते. विंडोज ११ प्रोची २०२४ सालची २४एच२ आवृत्ती तर बिनपासवर्डाच्या फोल्डरलाही आपणहून जोडून देत नाही. ऑफिसातला जुना साठवणीचा डबा अचानक दिसेनासा होतो, तो बरेचदा यामुळे. मग त्या डब्याला नाव-पासवर्ड द्यायचा, त्याचं सॉफ्टवेअर नवं करायचं. जुनं भगदाड पुन्हा खणायचं नाही.

वहीत उतरवून ठेवा

१. अडचण एकाला की सगळ्यांना? काल काय बदललं?
२. दिवा लागलाय का? दोघेही एकाच नेटवर्कवर आहेत का?
३. नावाने नाही, तर आकडी पत्त्याने उघडतो का?
४. शिक्का ‘प्रायव्हेट’ आहे का?
५. नाव, पासवर्ड आणि दोन्ही कुलपं बरोबर आहेत का?

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. नाहीतर फोल्डर उघडेल, पण कशाने उघडला ते कधीच कळणार नाही. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. घानात नशिबाने झालं, ते आपण मुद्दाम करायचं. आणि हो, आईबाबांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्यांना विचारा. ही यादी मात्र त्यांच्या टेबलावर खुशाल चिकटवा.