तान्ह्या बाळाचा मधुमेह

जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत बाळाला मधुमेह निघाला, तर त्याला ‘टाइप वन’ ठरवून आयुष्यभराचे इन्सुलिन लिहून देणे पुरेसे नाही. शाळकरी मुलांना होणारा टाइप वन मधुमेह प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटल्यामुळे होतो. इतक्या कोवळ्या वयात तसे क्वचितच घडते. इथे दोष बहुतेक वेळा एखाद्या जनुकात असतो. २००४ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली आणि सहकाऱ्यांनी केसीएनजे११ या जनुकातला बिघाड दाखवून दिला, आणि उपचारांची दिशाच बदलली. बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाण्याची एक वाट असते. रक्तातली साखर वाढली की ती मिटते आणि पेशी इन्सुलिन सोडते. या जनुकातल्या बिघाडामुळे या बाळांमध्ये ती मिटतच नाही, म्हणून तयार इन्सुलिनही आतच अडकून राहते. मोठ्यांच्या मधुमेहावरची ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी नेमकी हीच वाट बंद करते. २००६ मधल्या अभ्यासात असा बिघाड असलेल्या ४९ पैकी ४४ रुग्णांचे इन्सुलिन थांबवता आले. अशाच ८१ रुग्णांच्या दहा वर्षांच्या वेगळ्या पाठपुराव्यात ७५ जण केवळ ग्लिबेनक्लामाइडच्या गटातल्या गोळ्यांवर होते. रोज टोचून घेण्यातून सुटका झालीच, शिवाय साखरही अधिक चांगली आटोक्यात राहिली.

लाखात एखाद्या बाळाला होणाऱ्या आजारासाठी जनुकचाचणीचा खर्च कशाला, असे कुणी विचारेल. पण वर्षाला दोन कोटींहून अधिक जन्म होणाऱ्या आपल्या देशात लाखात एक म्हणजे दोनशेहून अधिक बाळे. चाचणी एकदाच करायची असते, इन्सुलिन मात्र जन्मभराचे. शिवाय हीच वाट मेंदूतही असते. त्यामुळे काही मुलांना झटके येतात, बोलणे-चालणे उशिरा येते, आणि गोळी लवकर सुरू केल्यास त्यातही थोडी सुधारणा दिसते. दुसरी शंका जास्त रास्त आहे: गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. इन्सुलिनच्याच जनुकात दोष असेल तर तिचा उपयोग नाही, आणि काही बाळांचा मधुमेह काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरून पुढे कधीतरी परततो. म्हणूनच तर अंदाजावर न राहता चाचणी हवी. अहवाल येईपर्यंत इन्सुलिन चालूच ठेवायचे. ते थांबवणे किंवा गोळी सुरू करणे हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. तान्हेपणी मधुमेह निघालेली आणि आज शाळा-कॉलेजात असलेली, अजून इन्सुलिन टोचून घेणारी मुलेही या चाचणीस पात्र आहेत. त्यांच्या जुन्या कागदांवर निदानाच्या वेळचे वय सहा महिन्यांच्या आतले असेल, तर पालकांनी ही चाचणी डॉक्टरांकडे स्वतःहून मागावी.