कॉलेज खासगी, पण विद्यापीठ कुणाचं?

परभणीत नुसतं ‘विद्यापीठ’ म्हटलं की आठवतं ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. 1972 सालचं, सरकारी. जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची खासगी कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहेत. तिथे संस्था खासगी असली तरी परीक्षा, निकाल आणि पदवी राज्य विद्यापीठाची. खासगी विद्यापीठाचं तसं नसतं. ते राज्याच्या कायद्याने उभं राहतं आणि अभ्यासक्रम ठरवण्यापासून पेपर तपासून पदवी देण्यापर्यंत सगळं स्वतःच करतं. अशा विद्यापीठासाठी जिंतूर-गंगाखेडची पोरं संभाजीनगर किंवा पुणे गाठतात. उदाहरणार्थ, संभाजीनगरचं खासगी एमजीएम विद्यापीठ 2019 मधलं. संलग्न कॉलेज आणि खासगी विद्यापीठ यांतला हा फरक लक्षात न घेता प्रवेश घेतला, की पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

त्यातला सगळ्यात महागात पडणारा आधी. “मुलींना आता फी माफच आहे ना!” 8 जुलै 2024 च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली, हे खरं. पण त्याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. शिवाय प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. म्हणजे एकच बी.टेक. संलग्न कॉलेजात घेतलं तर सवलत, खासगी विद्यापीठात घेतलं तर पूर्ण फी. माहितीपत्रकातल्या चकचकीत प्रयोगशाळेकडे बघताना हा हिशेब मागे पडतो. सोयाबीनच्या पैशावर चार वर्षं काढायची असतील तर फीचा तक्ता आणि शासननिर्णय शेजारी-शेजारी ठेवूनच वाचावेत.

दुसरं टोक असं, की “खासगी विद्यापीठाची पदवी बोगस असते.” असं नाही. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्याच्या कलम 22 मुळे मिळतो. कलम 12-ब खाली नाव नसलं तर केंद्राचं अनुदान मिळत नाही, पदवी खोटी ठरत नाही. मात्र परराज्यातलं खासगी विद्यापीठ परभणीत ‘अभ्यास केंद्र’ थाटून नियमित पदवीचे वर्ग भरवत असेल, तर चार हात लांब राहावं. राज्याचा कायदा असूनही घोळ झाल्याचं उदाहरण आहे: छत्तीसगडात 2002 च्या कायद्याने शंभरावर खासगी विद्यापीठं कागदावर उगवली होती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ती रद्द केली. शिवाय फार्मसीच्या अभ्यासक्रमांना फार्मसी कौन्सिलची मान्यता वेगळी लागते. विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो.

“नॅकची ए प्लस आहे, म्हणजे शिकवतात चांगलं.” नॅक श्रेणी देते ती अख्ख्या संस्थेला, आणि ती काही वर्षं टिकते. तुमच्या विभागातले दोन प्राध्यापक मधल्या काळात सोडून गेले, तर ते त्या अक्षरांत दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारावं: तास होतात का, कोण घेतं, निकाल कधी लागतो, होस्टेलला पाणी असतं का.

“एकदा फी भरली की गेली, आणि कागदपत्रंही अडकली.” यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर जवळजवळ पूर्ण फी परत मिळते, प्रक्रिया शुल्क म्हणून पाच टक्के, तेही जास्तीत जास्त 5,000 रुपये कापता येतात. पुढे परतावा घटत जातो आणि शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की शून्यावर येतो. मूळ गुणपत्रिका किंवा टीसी अडवून ठेवायची मुभा कुठल्याच संस्थेला नाही. तपासून परत द्यायच्या, एवढंच.

राहिली तक्रार. “खासगीत कोण ऐकतं?” असं म्हणून पोरं ग्रुपवर चडफडत बसतात. यूजीसीचे 2023 चे तक्रार निवारण नियम खासगी विद्यापीठालाही लागू आहेत. शिक्षणाचा दर्जा, उशिरा होणाऱ्या परीक्षा, जाहिरातीत सांगितलेल्या पण न मिळालेल्या सुविधा, हे सगळं त्यात बसतं. विद्यापीठाच्या समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर 15 दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात, आणि त्यांनी 30 दिवसांत निपटारा करणं अपेक्षित आहे. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. अर्ज पोर्टलवर भरून नोंदणी क्रमांक घ्यावा, किंवा कागदावर देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. दिवस तिथून मोजले जातात.