समुद्र निळा का?

घरातल्या पोराने हा प्रश्न विचारला, तर आपण चटकन सांगून मोकळे होतो, "वरचं आभाळ दिसतं ना त्यात!" चूक आपली एकट्याची नाही. विलायतेतले लॉर्ड रॅले यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञही हेच सांगत.

१९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन बोटीने विलायतेला गेले. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांना या उत्तराची शंका आली. 'नारकुंडा' बोटीने परतताना त्यांनी एका खास लोलकातून समुद्र न्याहाळला. या लोलकातून पाहिले की पाण्यावरची आभाळाची चकाकी नाहीशी होते. चकाकी गेली, पण निळाई गेली नाही. उलट अधिकच खुलली! म्हणजे रंग पाण्याच्या पोटातला. बोट मुंबई बंदरात येताच रामन यांनी तेथूनच 'नेचर' या नियतकालिकाला तसे पत्र लिहिले.

मग घागरीतले पाणी निळे का नाही? कारण तेवढ्या पाण्यात फरक कळतच नाही. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. त्यांतल्या तांबड्याची लाट लांब, निळ्याची आखूड. पाणी तांबडा उजेड आधी गिळते. स्वच्छ समुद्रात दहा-पंधरा मीटरवर, म्हणजे आपल्या एखाद्या विहिरीएवढ्या खोलीवर, तांबडा जवळजवळ संपतो. पुढे नारिंगी, पिवळा. निळा सर्वांत खोल जातो आणि पाण्याच्या कणांवरून विखरून आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. खाली पाणबुड्याचे बोट कापले, तर रक्त हिरवट-काळे दिसते; बॅटरी लावली की पुन्हा लाल! हजार मीटरखाली तर सूर्याचा उजेड पोचतच नाही.

"पण मालवणला समुद्र हिरवट दिसला," असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. किनाऱ्याजवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती दाट असतात. त्या निळा आणि तांबडा उजेड घेतात, हिरवा उरतो. हे समुद्राचे पीकच म्हणा ना. तारली, बांगडा यांचे पोट शेवटी त्यावरच. उन्हाशिवाय जशी आपली ज्वारी नाही, तसे उजेडाशिवाय हे पीक नाही. पावसाळ्यात वाशिष्ठी, सावित्रीसारख्या नद्या शेतांची माती घेऊन उतरतात. त्या गढूळ पाण्यात निळ्या उजेडाचीही वाट लवकर अडते. बांध फुटून गेलेली माती अशी दोन पिकांना नडते.

रामन यांच्या लोलकाचे काम आता पोलराइज्ड काचेचा गॉगल करतो. तळ्याच्या काठी तो लावून तिरपे पाहा. चकाकी सरते आणि आतले मासे दिसू लागतात.