जायकवाडीचं पाणी कुणाचं?

पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पाणी येतं ते मुख्यतः नाशिक-अहिल्यानगरकडून. वरची धरणं आधी भरली की खाली उरतं ते मिळतं. म्हणून 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं टंचाईत खोऱ्यातल्या धरणांनी तूट सारखी वाटून घ्यावी असं ठरवलं. पुढे 2014 च्या आदेशानं निकष दिला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा (खरिपाचा वापर धरून) 65 टक्क्यांखाली असेल, तर वरून पाणी सोडायचं. यावर वरच्या शेतकऱ्यांचा आक्षेप असा की सोडलेलं पाणी कोरड्या पात्रात मुरतं आणि उथळ नाथसागरातून वाफ होऊन उडतं. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघतं ते इतकंच की पाणी पात्र ओलं असतानाच, ऑक्टोबरात सोडावं. उशीर बहुधा वाटाघाटींमुळे होतो आणि नासाडीचं खापर मात्र नदीवर फुटतं! शिवाय भरपूर पाणी पिणारा ऊस धरणाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे आहे. 2005 च्याच कायद्यात लाभक्षेत्रातल्या उसासारख्या बारमाही पिकांसाठी ठिबक किंवा तुषार सिंचनाची अट आहे. तिची अंमलबजावणी ढिली ठेवून नुसतं किती टीएमसी पाणी सोडायचं यावर भांडणं म्हणजे गळका हंडा कुणाच्या डोक्यावर द्यायचा याचा वाद. आधी ही अट दोन्हीकडे सारखीच कडकपणे लावा.