खिशातल्या बॅटरीची आग

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका २४ वर्षांच्या तरुणाची ई-सिगारेट तोंडाजवळच फुटली. धातूचा तुकडा मानेत घुसला, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. हा बळी निकोटीनचा नव्हता, बॅटरीचा होता.

ई-सिगारेटमध्ये तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, तापते आणि द्रवाची वाफ होते. वाफेचे मोठे लोट हवेत म्हणून हौशी मंडळी कॉइलचा रोध एक ओहमच्याही खाली आणतात. इथे शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवावा. व्होल्टला रोधाने भागले की विद्युतप्रवाह मिळतो. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टचा असतो. कॉइल १ ओहमची असेल, तर प्रवाह ४.२ अँपिअर, ०.२ ओहमची असेल, तर तब्बल २१ अँपिअर. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला सेल सतत साधारण ५ ते १० अँपिअरच झेपवू शकतो. 'मेकॅनिकल' प्रकारच्या उपकरणात तर प्रवाह रोखणारे सर्किटच नसते.

झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढला की सेल आतून तापतो. दोन ध्रुवांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा वितळतो, ध्रुव एकमेकांना भिडतात आणि ज्वलनशील द्रव पेट घेतो. सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांना टेकला, तरी शॉर्ट सर्किट होऊन हेच घडते. म्हणूनच या रुग्णांच्या जखमा बहुधा मांडी, जांघ आणि हातावर असतात. त्या आगीच्या असतात तशाच रसायनांच्याही.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या मालातला सेल कुठला, किती जुना, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो.

अपघात झालाच, तर उपकरणापासून दूर व्हावे, रसायनाने भिजलेले कपडे काढावेत आणि थेट रुग्णालय गाठावे. जखमेवर टूथपेस्ट, हळद लावू नये. बॅटरी फुटली, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे, कारण रसायनाच्या जखमेवरचे उपचार वेगळे असतात. घरातल्या मुलाच्या खिशात असे सुटे सेल दिसले, तर रागावण्याआधी ते बाजूला काढून ठेवावेत आणि मग त्याच्याशी शांतपणे बोलावे.